चांदसैली घाटात काटा लालकडे जातो, कोणता रेडिएटर घ्यावा?

पत्र:

"आमच्याकडे वडिलांनी घेतलेली १९९१ सालची महिंद्रा एमएम ५४० जीप आहे. इंजिन मूळचंच प्यूजो डिझेल, फोर-व्हील अजून लागतं. शेतात, तळोद्याच्या बाजारात आणि महिन्यातून एकदोनदा चांदसैली घाटाने धडगावला, एवढं तिचं फिरणं. सुटी मिळाली की आम्ही भाऊभाऊ तोरणमाळलाही नेतो, वाटेतल्या नाल्यांत उतरवतो. एप्रिल लागला की घाटात निम्म्यावर काटा लालकडे सरकतो. सपाटीला, अगदी शहाद्यापर्यंत पळवली तरी त्रास नाही. रेडिएटर मूळचा पितळी. दोनदा झाळून झाला, गेल्या वर्षी कारागिराने गळक्या चार नळ्या तोंडाशीच बुजवून टाकल्या. पंख्याभोवतीचं पत्र्याचं कव्हर वडिलांच्या काळातच कुठेतरी गेलं. आता गॅरेजवाले म्हणतात, पूर्ण अॅल्युमिनियमचा टाका. चुलतभाऊ म्हणतो, प्लास्टिक टाकीवाला ऑनलाइन स्वस्तात मिळतो. भंगारवाल्याकडे एका मोठ्या गाडीचा रेडिएटर पडलाय, तो कापून-जोडून बसवून देतो म्हणतो. आणि मेव्हणे म्हणतात, खर्चच नको, थर्मोस्टॅट काढून फेका. नेमकं काय करू? गाडी बी तापस, मी बी तापस."
(एक वाचक, तळोदा तालुका)

भाऊ,

उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे गॅरेजमध्ये काय बोलायचं ते तुम्हाला कळेल. मूळ पितळी टाक्या ठेवा, त्यांना नवी तांब्या-पितळेची जाळी (टाक्यांच्या मधला नळ्या आणि पातळ पात्यांचा भाग) बसवून घ्या आणि त्याच फेरीत पंख्याचं कव्हर बनवून घ्या. चौघांपैकी एकाचंही मत मी उचललेलं नाही. मेव्हण्यांना हे जरा बेताने सांगा.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात: पंख्याभोवतीचं कव्हर कुठेतरी गेलं. घाटात दुसऱ्या गिअरला गाडी ताशी पंधरा-वीसने चढते. त्या वेगाला समोरून वारा असा मिळतच नाही. जाळीतून जी हवा जाते ती पंखा खेचेल तेवढीच. कव्हर नसलं की पंखा जाळीतून हवा ओढायचं सोडून बाजूची, इंजिनावरची तापलेली हवाच घोळवत बसतो, आणि जाळीच्या चारही कोपऱ्यांतून वारा जवळजवळ जातच नाही. सपाटीला साठच्या वेगात गाडीचा स्वतःचा वारा असतो, त्यामुळे पंख्याची उणीव झाकली जाते. तुमची तक्रार बरोबर त्याच घाटणीची आहे. उलट प्रकार असता, म्हणजे गावात ठीक आणि हायवेला पळवली की तापते, तर मी आधी जाळीच्या आतल्या बाजूवर आणि खालच्या होज पाइपवर संशय घेतला असता.

कव्हर कुठलाही पत्राकाम करणारा करून देईल. पातळ पत्रा पुरतो. पंख्याची पाती अर्धी कव्हरच्या आत, अर्धी बाहेर राहिली पाहिजेत, आणि पात्यांच्या टोकापासून कडेपर्यंत पाऊण ते एक इंच मोकळी जागा हवी. त्याहून कमी ठेवू नका. इंजिन ज्यांवर बसतं ती फाउंडेशनची रबरं जुनी झाली की खडकाळ वाटेवर इंजिन चांगलंच डोलतं आणि पातं कव्हरला घासतं. तिथेच उभे आहात तर पंखा उलटा तर बसवलेला नाही ना, तेही पाहून घ्या. वॉटर पंपाच्या कामानंतर हे सर्रास होतं. उलटा बसवलेला पंखाही हवा त्याच दिशेने ओढतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही, पण ओढ कमी पडते. इंजिन चालू ठेवून समोरच्या ग्रिलवर वर्तमानपत्राचं एक पान धरा. ते आपोआप चिकटून राहिलं पाहिजे. गळून पडलं, तर पट्टा सैल आहे किंवा पंख्याचंच काही चुकलंय.

मग नवी जाळी कशाला, असं तुम्ही म्हणाल. एक हिशेब मांडतो. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकणार हे आतलं पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी ९५ अंशांवर आहे असं धरू. जानेवारीत हवा २० अंश असली तर फरक ७५ चा. मे महिन्यात दुपारी आपल्याकडे हवा ४५ अंशांवर जाते, तेव्हा फरक उरतो ५० चा. म्हणजे तोच रेडिएटर, तेच पाणी, पण काम दोन-तृतीयांश. शिवाय डांबरावरून वर येणारी हवा सावलीतल्या हवेपेक्षा जास्तच तापलेली असते. थंडीत तुमची गाडी घाट चढून जाते आणि एप्रिलमध्ये नाही, त्याचं कारण हे. इंजिन बिघडलेलं नाही. हाताशी जी शिल्लक होती ती संपली आहे. त्यात चार नळ्या बुजवलेल्या. उरलेल्यांपैकी कितींत बोअरचा क्षार बसलाय हे झाकण उघडून पाहिल्याशिवाय कळणार नाही.

तेवढं मात्र पैसे मोजायच्या आधी बघा. सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना झाकण काढा, पाणी चार बोटं कमी करा आणि टॉर्च लावून आत डोकवा. नळ्यांची चपटी तोंडं दिसतील. ती स्वच्छ पिवळसर असायला हवीत. भोवती पांढरा खरखरीत थर आणि मधे गंजाचा तपकिरी गाळ असेल, तर जाळीचं आयुष्य झालं. दुसरी परीक्षा: गाडी चांगली तापवा, मग इंजिन बंद करा, पंखा थांबला याची खात्री करा आणि तळहात जाळीच्या जवळ धरून सगळीकडून फिरवा. सगळी जाळी वरून खाली हळूहळू कमी तापलेली लागली पाहिजे. मधेच थंडगार पट्टा लागला तर तिथल्या नळ्यांत पाणी फिरत नाही. इन्फ्रारेड थर्मामीटर मिळाला तर त्याने हेच काम चांगलं होतं, आणि तुमच्या डॅशबोर्डवरचा पस्तीस वर्षांचा काटा खरं बोलतोय का हेही ताडून पाहता येतं.

आणि एक पाहणी टाळू नका, कारण तिचं उत्तर वाईट आलं तर रेडिएटरवरचा सगळा खर्च वाया. गार इंजिन झाकण उघडं ठेवून चालू करा आणि तोंडाशी पाहत राहा. सुरुवातीला एकदोन बुडबुडे येतात, ते ठीक. पण इंजिनाच्या ठेक्यावर सारखे बुडबुडे येत राहिले, किंवा झाकण लावून दोन मिनिटांतच वरचा होज दगडासारखा कडक झाला, तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग, गेलंय. मग कुठल्याही धातूचा रेडिएटर लावा, काटा लालच होणार. घाटात वारंवार तापलेल्या इंजिनात ही शक्यता खरी असते. पाण्यावर तेलाचा तवंग किंवा डिपस्टिकवर दुधाळ तेल दिसलं तरी तेच.

आता धातूच्या भांडणाकडे येऊ. गॅरेजवाल्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. नुसता धातू म्हणून पाहिलं तर तांबं अॅल्युमिनियमपेक्षा उष्णता दीडपटीहून जास्त वाहून नेतं. पण पितळी रेडिएटरमध्ये नळ्या पितळेच्या असतात, पितळ तांब्याच्या मानाने बरंच मंद, आणि नळी व पाती यांच्यामध्ये झाळ असते, ती आणखी मंद. अॅल्युमिनियमच्या जाळीत झाळीचा हा अडसर नसतो आणि नळ्या रुंद करता येतात. त्यामुळे दोन्हींची प्रत्यक्ष कामगिरी तुल्यबळ ठरते. चांगला अॅल्युमिनियम चांगल्या पितळीइतकाच गार करतो, वजनाला मात्र खूप हलका. शर्यतीची गाडी असती तर मी तोच सांगितला असता.

पण तुमची गाडी धडगावच्या वाटेवर चालते. तिथे दगड लागून नळी फुटली तर पितळी रेडिएटर झाळणारा तालुक्याच्या गावाला सापडतो. अॅल्युमिनियमला आरगॉन वेल्डिंग लागतं. ते करणारे पुष्कळ आहेत, पण रेडिएटरच्या कागदासारख्या पातळ नळीला हात लावायला त्यांतले फार थोडे तयार होतात. दुसरं कारण जुन्या वायरिंगचं. जीपमध्ये तीस वर्षांत कुणी हॉर्न जोडलेला असतो, कुणी फॉग लाइट, आणि अर्थ कुठून कुठे गेलाय याचा मालकालाही पत्ता नसतो. असा भटका करंट कूलंटमधून वाट काढू लागला की अॅल्युमिनियमला बारीक छिद्रं पडतात, आणि नवा रेडिएटर का गळतोय ते कुणालाच उमगत नाही. पुढेमागे अॅल्युमिनियमवर गेलातच, तर आधी बॅटरीपासून इंजिन आणि चासीला जाड अर्थ वायर नव्याने टाका. तिसरं, ज्या दिवशी घाईत कुणी बोअरचं पाणी ओतेल, आणि कुणीतरी ओतणारच, त्या दिवशी पितळ ते जास्त सोसतं आणि नंतर साफही करता येतं.

प्लास्टिक टाकीचा रेडिएटर आजच्या गाड्यांत चांगलाच चालतो, त्याची निंदा मी करणार नाही. त्याची जाळी अॅल्युमिनियमची, टाकी नायलॉनची आणि दोघांच्या सांध्यात रबरी गॅस्केट दाबून बसवलेलं असतं. नव्या गाडीत तो रबरांवर निवांत बसलेला असतो. जुन्या जीपची चासी ओढ्यात उतरताना पिळवटते, तो पीळ सांध्यावर येतो. टाकीला तडा गेला की विषय संपला, झाळता येत नाही. शिवाय ऑनलाइन येणारा तुकडा तुमच्या मापाचा नसतो, मग पट्ट्या वेल्ड करा, होजला वळण द्या, आणि वाचवलेले पैसे तिथे जातात.

भंगारातल्या मोठ्या रेडिएटरबद्दल थोडक्यात: नको. तो त्या गाडीतून का निघाला, हे तुम्हाला कोण सांगणार? आणि मोठा म्हणजे बहुतेक वेळा जाड. जाड जाळीत मागच्या रांगांना पुढच्यांनी आधीच तापवलेली हवा मिळते आणि पंख्याला ती ओढायला जास्त जोर लागतो. तुमच्या पंख्याची ताकद आधीच तोकडी. उंची-रुंदी वाढली तर फायदा असतो, पण जीपच्या ग्रिलमागे ती जागाच नाही.

म्हणून जाळी बदलायची. धुळे, जळगाव, भुसावळला हे काम करणारे जुने कारागीर आहेत. नंदुरबारलाही चौकशी करा. दुकानाची पाटी पाहून नव्हे, तिथे ट्रॅक्टर आणि ट्रकचे रेडिएटर ओळीने उघडून ठेवलेले दिसतात का ते पाहून जा. सारंगखेड्याच्या बाजारात घोडं घेणारा खोगीर बघत नाही, जबडा उघडून दात बघतो. तसं रेडिएटरचा काळा रंग बघू नका, जाळी हातात घेऊन नळ्या मोजा. दुकानदार "तीन रांगांची आहे" एवढंच सांगेल. रांगा सारख्या असूनही एकेका रांगेत नळ्या कमी घालून, त्या लांब-लांब बसवून जाळी स्वस्त करता येते. जुन्या जाळीच्या नळ्या आधीच मोजून नेल्यात की हा खेळ तुमच्याशी चालत नाही. रांगा मूळ जितक्या असतील तितक्याच ठेवा, फार तर एक जास्त. वर सांगितलेल्या कारणाने त्यापुढे लाभ नाही.

पात्यांच्या दाटीकडेही बघा. दुकानदार अभिमानाने दाट पात्यांची जाळी दाखवेल. रस्त्यावरच्या मोटारीला ती छान. तुम्हाला इंचाला दहा-बारा पातींची, जरा मोकळी हवी. पावसाळा सरला की सातपुड्याच्या गवतातली कुसळं जाळीत आडवी रुततात, दिवाळीनंतर कपाशीच्या गाड्यांमागून जाताना कापसाचे तंतू येऊन त्यावर बसतात, आणि धूळ त्यावर लिंपली जाते. दाट जाळीत असा नमदा बसला की बाहेरून दिसतसुद्धा नाही. मोकळ्या जाळीत तो दिसतो आणि निघतो. साफ करताना पाण्याची नळी इंजिनाच्या बाजूने पुढच्या दिशेला मारा, म्हणजे कचरा आला त्याच वाटेने बाहेर जातो. सर्व्हिसिंगवाल्याचा प्रेशर पंप मात्र जवळून मारू देऊ नका. पाती आडवी झोपतात आणि त्यांतून वारा जायचा बंद होतो. रुतलेली कुसळं चिमट्याने एकेक काढा, संध्याकाळ जाईल पण जाळी मोकळी होईल.

रेडिएटर देताना जुना अख्खा घेऊन जा. नुसती मापं फोनवर सांगू नका. कामगार टाक्या उघडेल तेव्हा शक्य असेल तर तिथेच थांबा. टाक्यांच्या आतून गंज-क्षार पूर्ण खरवडून, साफ करून मगच झाळ धरावी. ओल्या-मळक्या पितळावर धरलेली झाळ सहा महिन्यांत सुटते. काम झाल्यावर दोन्ही तोंडं बंद करून, आत हवा भरून रेडिएटर पाण्याच्या हौदात बुडवायला सांगा आणि प्रत्येक सांधा स्वतः बघा. केसाएवढ्या छिद्रातूनही मोत्यांची माळ सुटल्यासारखे बुडबुडे वर येताना दिसतात. मगच रंग, तोही काळा आणि अगदी पातळ. चकचकीत जाड ऑइल पेंट मारला तर तो जाळीला पांघरूण घातल्यासारखाच.

बसवण्याच्या आधी इंजिन धुऊन घ्या. ही पायरी निम्मी गॅरेजं गाळतात. इंजिनाच्या ब्लॉकमध्ये पस्तीस वर्षांचा गंज बसलेला आहे, आणि तो सुटला की सगळ्यात आधी तुमच्या नव्या नळ्यांच्या तोंडाशी येऊन अडकतो. ब्लॉकचा ड्रेन प्लग उघडा, थर्मोस्टॅट बाहेर काढून नळीने उलट दिशेने पाणी सोडा, स्वच्छ पाणी येईपर्यंत. प्लगमधून काहीच आलं नाही तर तिथे गाळ दाटलाय, तारेने टोचा. होज आणि क्लिपा त्याच वेळी नव्या टाका. खालच्या होजमध्ये स्प्रिंग असेल तर ती गंजून मोडलेली नाही ना ते पाहा. पंप खालून पाणी ओढतो तेव्हा मऊ पडलेला होज चपटा होतो, आणि गाडी उभी असताना तो अगदी शहाण्यासारखा गोल दिसतो. रेडिएटर खाली ज्या रबरांवर बसतो ती नवी घाला. बोल्ट आवळून त्याला चासीशी घट्ट बांधलात, तर चासीचा पीळ थेट झाळीवर जाईल. तुमचा जुना दोनदा गळला त्यामागे हेही असू शकतं.

झाकण स्वस्त असतं म्हणून दुर्लक्षित राहतं. त्याचं काम आत दाब धरून ठेवायचं. दर पीएसआय दाबामागे पाण्याचा उत्कलनबिंदू दीड अंशाच्या आसपास वाढतो. म्हणजे ७ पीएसआयचं झाकण नीट असेल तर पाणी ११० अंशांपर्यंत उकळत नाही. रबर मेलेलं असेल तर साध्या पातेल्यासारखं शंभरला उकळणार. तोरणमाळ साधारण ११५० मीटरवर आहे, तिथे शंभरही नाही, ९६ च्या आसपासच. सातपायरी घाट चढून वर आल्यावर "काटा तर फार नव्हता, तरी पाणी बाहेर आलं" असं लोक सांगतात, त्यात बरेचदा झाकणाचा हात असतो. पण जास्त दाबाचं झाकण लावलं तर जास्त फायदा, असंही करू नका. जुन्या पद्धतीच्या झाळलेल्या रेडिएटरला मूळ गाडीला होतं तितक्याच दाबाचं झाकण लावा, नाहीतर सांधे फुटतील. झाकणाच्या बाजूच्या नळीला एक ओव्हरफ्लो बाटली जोडून घ्या, नळीचं टोक बाटलीच्या तळाशी पोचलेलं हवं. फुगून बाहेर गेलेलं पाणी गार होताना परत आत ओढलं जातं. त्यासाठी झाकणाला मधली छोटी उलटी झडप लागते, घेताना ती आहे का बघा.

आत काय भरायचं? बोअरचं पाणी कधीच नाही. बॅटरीत घालायचं मिळतं ते डीमिनरलाइज्ड पाणी दोन हिस्से आणि कूलंट एक हिस्सा. निम्मं-निम्मं करायची आपल्याला गरज नाही. सातपुड्यातल्या डाब गावाला थंडीत दवबिंदू गोठतात म्हणून बातमी येते, पण इंजिनातलं पाणी गोठावं इतका गारठा तिथेही पडत नाही, आणि कूलंटचं प्रमाण जितकं वाढवाल तितकी मिश्रणाची उष्णता वाहून न्यायची ताकद घटते. आपल्याला तो हवा गंज आणि क्षार रोखायला. हिरवा की लाल या वादात पडू नका, रंग कंपनीच्या मर्जीवर असतो. बाटलीवर तांबं, पितळ आणि झाळ यांना चालतो असं लिहिलेलं असलं पाहिजे, आणि एकदा जो घेतला त्यात दुसरा मिसळायचा नाही. काही दोन प्रकार एकत्र आले की आत चिकट गोळा तयार होतो. तयार मिश्रणाची बाटली घेतलीत तर तिच्यात पुन्हा पाणी घालायचं नसतं, हेही सांगून ठेवतो.

मेव्हण्यांच्या थर्मोस्टॅटचं राहिलं. हा सल्ला आपल्याकडे इतका रूढ आहे की काढला नाही तर मेकॅनिकच आश्चर्य करतो. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापेपर्यंत रेडिएटरची वाट अडवणारी झडप, साधारण ८२ अंशांना उघडायला लागतो आणि एकदा पूर्ण उघडला की घाटात त्याचा अडथळा नगण्य असतो. काढून टाकला तर थंडीत इंजिन तापायलाच वेळ घेतं, डिझेल जास्त पितं, धूर काढतं, सिलिंडरचे लाइनर लवकर घासतात. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट नसला की बायपासची वाट कायम उघडी राहते, गरम पाणी रेडिएटरला न जाता तसंच इंजिनात फिरतं आणि गाडी उलट जास्त तापते. मेव्हण्यांचा मुद्दा एवढा खरा, की अडकलेला थर्मोस्टॅट गाडी तापवतो. तेव्हा काढा, पातेल्यात पाणी घेऊन दोऱ्याने टांगता ठेवा आणि गॅसवर तापवा. पाणी उकळायच्या बरंच आधी तो उघडला पाहिजे, गार केल्यावर मिटला पाहिजे. नाही तर नवा घ्या. पातेलं मात्र स्वयंपाकातलं वापरू नका, घरात दुसरंच काही तापेल.

नाल्यांत उतरवता म्हणालात, म्हणून एक सांगतो. पाणी पंख्यापर्यंत येईल असा ओढा असेल तर फिरता पंखा पाण्यात शिरताच पाती पुढे वाकतात आणि नवी कोरी जाळी खरवडून काढतात. ग्रिलवर ताडपत्री बांधा, पहिल्या गिअरला न थांबता, लाट पुढे ढकलत हळू जा. फार खोल असेल तर पट्टा उतरवून पार करा आणि पलीकडे लगेच चढवा, कारण त्याच पट्ट्यावर वॉटर पंपही आहे.

घाट चढताना गाडी तिसऱ्यात रेटू नका. पंखा आणि पंप दोघेही इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतात. तिसऱ्यात इंजिन धापा टाकत असतं तेव्हा वारा आणि पाणी दोन्ही कमी फिरतं. एक गिअर खाली घेऊन फेरे मध्यम ठेवा. तरीही काटा चढलाच, तर वळणावर सावली बघून थांबा आणि इंजिन लगेच बंद न करता मिनिट-दोन मिनिटं थोड्या वाढवलेल्या फेऱ्यांवर चालू ठेवा. पाणी वाहून गेलेलं असेल, नळी फुटली असेल, तर मात्र तत्काळ बंद. झाकणाला अर्धा-पाऊण तास हात लावायचा नाही. घाईने उघडलं तर वाफेसकट उकळतं पाणी तोंडावर येतं, आणि भाजलेल्या माणसाला घाटातून खाली दवाखान्यात न्यायला गाडी हीच. गार झाल्यावरही पाणी इंजिन चालू ठेवून थोडं-थोडं घाला. तापलेल्या हेडवर एकदम गार पाणी ओतलं तर हेडला तडा जातो.

गळती लागलीच आणि धडगाव अजून लांब असेल, तर ट्रकवाल्यांची हळद कामाला येते. दोन-तीन चमचे आत टाकली की बारीक छिद्रापाशी जमून गळती आवरते. मी नाही म्हणणार नाही. पण ती गावाला पोचेपर्यंतच. ती बारीक छिद्र ओळखत नाही, चांगली नळीही बुजवते. पोचल्यावर सगळं पाणी काढून धुऊन टाका, आणि बाजारातली लीक-स्टॉप पावडर नव्या जाळीत चुकूनही घालू नका.

कामाचा क्रम असा ठेवा, की हेड गॅस्केटची खात्री आधी, मग जाळी, कव्हर, झाकण आणि होज एकाच वेळी. तुकड्यातुकड्याने केलंत तर कशाने फरक पडला ते कळणार नाही, आणि कूलंट तीनदा सांडेल. हे सगळं मार्चच्या आत उरका. एप्रिलमध्ये रेडिएटरवाल्यांकडे ट्रॅक्टरांची रांग लागते आणि कामाला घाई होते.

जुनी जाळी दुकानात सोडून येऊ नका. तांबं-पितळ भंगारात किलोवर जातं. ती वजन करून बिलातून वजा करायला सांगा. आपणहून कुणी करणार नाही.